शमनवाली

आधीच सांगून टाकते, चूक माझी आहे. पुढं मी विज्ञानाचं बोलेन, कंपनीचं बोलेन, लोकांच्या मेंदूचं बोलेन आणि ते सगळं खरंही असेल. पण ते ऐकून कुणी मला 'अरेरे, बिचारी' म्हणू नये. बिचारी माझी वहिनी आहे.

वहिनी म्हणजे पद्मजा मगदूम, माझ्या थोरल्या भावाची, अभयदादाची बायको. ती लग्न होऊन सांगलीत आली तेव्हा मी अकरावीत होते. पहिल्याच आठवड्यात तिनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "काय गं सुनी, तुमच्या गावात नाटकं कोण करतं?" मी म्हटलं, "सगळेच करतात, तिकीट काही जण लावतात." ती खळखळून हसली आणि आमचं जमलं ते जमलंच. तीन महिन्यांत तिनं आरवाडेकाकांची हौशी संस्था शोधून काढली. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये बाकं सरकवून तालीम आणि हिवाळ्यात स्पर्धेचा प्रयोग, हा तिचा वर्षाचा नेम. खुनी बाई केली, वेडी केली, राणी केली. एकदा कजाग सासू केली, तेव्हा माझी आई आठवडाभर तिच्याशी जपून बोलत होती. आता बोला!

मी मेंदूविज्ञान शिकले आणि पुण्यातल्या 'उद्गार' नावाच्या जाहिरात कंपनीत लागले. ऑफिस पुण्यात, मी मिरजेत घरी बसून, कारण हल्ली ऑफिस म्हणजे घरातलीच एक खोली. आमच्याकडं 'शमन' नावाच्या पाचक पेयाचं काम आलं. पुडी फोडायची, पाण्यात टाकायची, प्यायची. त्यात जिरं, ओवा आणि साखर. लोकांनी ते का घ्यावं याचं उत्तर कंपनीकडं नव्हतं. ते उत्तर मी दिलं.

आपल्याकडं म्हणतात ना, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. फांदी आपल्या वजनानं तुटते, पण बघणाऱ्याला वाटतं कावळ्यानं तोडली. मेंदू असाच आहे. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या की पहिलीमुळं दुसरी झाली असं तो धरून चालतो. आता काळजीचं बघा. मनात काळजी दाटून आली की छाती धडधडते, तळव्यांना घाम सुटतो, श्वास उथळ होतो. पण ती लाट कायम चढती राहत नाही. मिनिट-दीड मिनिटात ती आपोआप ओसरायला लागते, कुणी काही केलं नाही तरी. हे सगळं हल्ली मनगटावरच्या घड्याळाला कळतं, आणि घड्याळ कुणाच्या मनगटावर नाही? लाट ओसरायच्या आठ सेकंद आधी ते ओळखणारं गणित मी बसवलं. बरोब्बर त्या क्षणी फोनवर, लिफ्टमध्ये, बसथांब्यावर, दवाखान्याच्या पडद्यावर आमची जाहिरात सुरू व्हायची. माणसाला चेहरा दिसायचा आणि लगेच बरं वाटायला लागायचं. फांदी तुटणारच होती. आम्ही कावळा तेवढा वेळेवर बसवत होतो.

कावळ्यासाठी चेहरा हवा होता. चाळिशीतली बाई, आधी कुठं न दिसलेली, घरातली वाटणारी. मी वहिनीचा फोटो पाठवला.

केवढी हरखली होती! नवी साडी नेसून पुण्याला आली. बावीस सेकंदांची जाहिरात. बाई टेबलावर पेला ठेवते, शेजारी बसते, तुमच्याकडं बघते आणि म्हणते, "होईल सगळं नीट." एवढंच. अकरा भाषांत निघाली आणि अकराही भाषांत आवाज दुसऱ्यांचे. मराठीतसुद्धा! कंपनीला तिचा सांगलीचा हेल चालला नाही. मला कानकोंडं झालं, पण वहिनी म्हणाली, "चेहरा माझा आणि जीभ दुसरीची! बरं झालं की, खोटं बोलल्याचं पाप तिला लागंल."

सहा महिन्यांत देशात असा माणूस उरला नाही ज्यानं ती पाचशे वेळा पाहिली नाही. मी किती वेळा पाहिली ते विचारूच नका. पेला ठेवायला अर्धा सेकंद उशीर केला तर काय होतं, मान किती झुकली तर काय होतं, हे तपासायला आठ महिने मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच चेहरा बघत होते. मनगटावर घड्याळ आणि डोक्यावर साहेब बेहेरे. काळजीची लाट माझ्यात तर दर अर्ध्या तासाला येत होती.

आणि एक गोष्ट मला तेव्हाच कळली होती. ती मी लपवली नाही, उलट मिरवली. चाचणीत आम्ही लोकांना वहिनीचे दुसरे फोटो दाखवले. रागावलेली, रडणारी, घाबरलेली. तरी त्यांची छाती शांतच झाली. मी अहवालात लिहिलं, 'चेहऱ्यावरचा भाव कोणताही असला तरी परिणाम टिकून राहतो.' बेहेरे म्हणाले, "सुनेत्रा, कमाल केलीस." आणि सगळ्यांना आइस्क्रीम मागवलं. मी दोन वाट्या खाल्ल्या.

त्या हिवाळ्यात आरवाडेकाकांनी नवं नाटक घेतलं. गावच्या विहिरीत मुलगी गेलेली एक आई. ती मुलगी ढकलली गेली हे सगळ्या गावाला माहीत असतं आणि सगळं गाव गप्प असतं. शेवटी ती आई गावाला शिव्याशाप देते, तब्बल सात मिनिटं. वहिनीनं दोन महिने त्या सात मिनिटांवर घालवले. भाकरी थापतानाही तिचं तोंडातल्या तोंडात चालू असायचं. दादा म्हणायचा, "बाई, शाप पिठाला लागू देऊ नको."

प्रयोगाला मी तिसऱ्या रांगेत होते. पडदा वर गेला, वहिनी दिसली, आणि सगळं नाट्यगृह सुखावलं. तसा आवाज येतो, शेकडो माणसांनी एकदम श्वास सोडल्याचा. लोक खुर्चीत मागं टेकले. विहिरीतून मुलीला काढतात तो प्रसंग आला तेव्हा माझ्या पुढच्या बाईनं पर्समधून शेंगदाणे काढले. आणि शेवटी वहिनी रंगमंचाच्या टोकाला येऊन, केस सोडून, हात वर करून शाप द्यायला लागली. आवाज असा की अंगावर काटा यावा. मागून एक आजोबा प्रेमानं म्हणाले, "होईल हो ताई सगळं नीट." टिंगल नव्हती हो त्यांच्या आवाजात! मनापासून म्हणाले. आणि कुणी हसलंसुद्धा नाही. सगळे मान डोलावत होते.

वहिनी दीड मिनिट अडखळली. मग पुढचं सगळं बोलून संपवलं.

आत गेले तर ती आरशासमोर बसली होती. "शमनवाली झाले मी," म्हणाली. "परीक्षकबाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? म्हणाल्या, सगळं बरोबर करताय, पण आम्हाला तुमची काळजीच वाटत नाही. सुनी, खरं सांग, मला येतच नव्हतं का गं कधी? इतकी वर्षं लोक तोंडदेखलं बोलत होते?"

तिथं, त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. वहिनी, तुला येतं. तुझ्याइतकं कुणाला येत नाही. मी त्यांच्या डोक्यात काहीतरी करून ठेवलंय. तीन वाक्यं. पण मी काय म्हणाले? "अगं, एखादा प्रयोग पडतोच." कारण सांगितलं असतं तर ती माझ्याकडं कशी बघेल याची मला भीती वाटली. भेकड, दुसरं काय!

काकांनी पुढच्या नाटकात तिला घेतलं नाही. त्यांचंही चुकलं नव्हतं. पुण्यामुंबईहून मालिकांचे फोन यायचे, पण सगळे एकाच भूमिकेसाठी, समजूत काढणारी मावशी, समजूत काढणारी शेजारीण, समजूत काढणारी परिचारिका. बाजारात भाजीवाल्या तिला बघून खुलायच्या. दादाशी भांडायला उभी राहिली की दादा पाच मिनिटांत हसायला लागायचा आणि ती जास्तच चिडायची, आणि तो आणखी हसायचा. "या घरात मला रागावायचीसुद्धा सोय उरली नाही," म्हणायची. मी शेजारी बसून हे ऐकत होते आणि मलाही छानच वाटत होतं. घरी परत आल्यावर, एकटी असताना, तिचे शब्द आठवून मला झोप लागायची नाही. तेव्हाच मला स्वतःबद्दल शंका यायला हवी होती.

वाट तिची तिनंच काढली. कानांनी ऐकायच्या मालिका हल्ली गावोगाव निघतात, कोल्हापूरच्या एका गटाला बाईचा आवाज हवा होता. नाव न देता काम मिळालं. भूमिका एका बेरकी, खुनशी सावकारणीची, अस्सल आमच्याकडच्या बोलीत. आणि बाई गं, काय झालं म्हणून सांगू! लोक घाबरायला लागले. रिक्षावाले, जिममधली पोरं, स्वयंपाक करणाऱ्या बायका, सगळे त्या सावकारणीला शिव्या घालायला लागले. वहिनीच्या समोर एका दुकानदारानं सावकारणीची नक्कल केली आणि म्हणाला, "असली बाई समोर आली तर मी दुकान बंद करून पळीन." वहिनी मला फोनवर सांगताना किंचाळत होती. "सुनी, मला येतंय! मला येतंय गं अजून!"

चेहरा आम्ही घेतला होता. आवाज तिचा तिच्याकडं राहिला होता, कारण तो कंपनीला पसंत पडला नव्हता. मला वाटलं, चला, देवानं सांभाळून घेतलं. आता सांगायची गरज नाही.

मार्च महिना होता. दादा हळदीच्या खरेदीसाठी निजामाबादला गेलेला. शनिवारी वहिनीच्या पोटात दुखायला लागलं म्हणून ती शिरगुप्पे डॉक्टरांकडं गेली. चांगला डॉक्टर, हुशार. पण त्यांच्या बाहेरच्या खोलीत पडदा होता आणि पडद्यावर दिवसभर कोण, ते वेगळं सांगायला नको. त्यांनी तिला बघितलं, हसले आणि म्हणाले, "तुम्हाला काय होतंय हो? तुम्ही तर दुसऱ्यांना बरं करता." पोट नीट दाबूनसुद्धा बघितलं नाही. हातात शमनच्या दोन पुड्या दिल्या.

रविवारी सकाळी अकराला मला तिचा फोन आला. नुसता आवाज.

"सुनी, पोटात कायतरी फाटलंय बघ. उभं राहायला येईना."

तो आवाज ऐकून मी ताडकन उठले. मेंदूबिंदू सोडा, माझे पायच उठले. गाडीची किल्ली घेतली, चपला घातल्या. मिरजेहून सांगली वीस मिनिटं. दारापर्यंत गेले आणि जाता जाता म्हणाले, "थांब, थांब, व्हिडिओ लाव. बघू दे मला."

हे मी म्हणाले. ज्या बाईनं ते गणित बसवलं, ज्या बाईनं तो अहवाल लिहिला, तिनं हे म्हटलं. जगात दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याला माफी आहे.

तिनं लावला. ती जमिनीवर बसली होती, पाठ कपाटाला टेकून. आज मला सगळं आठवतं. ओठ पांढरे पडलेले, कपाळाला केस चिकटलेले, डोळे खोल गेलेले. मी ते तेव्हाही पाहिलं होतं, एकूण एक पाहिलं होतं. पण छातीत काहीतरी ऊबदार सैल होत गेलं, खांदे खाली आले, आणि मला अगदी आतून, खात्रीनं वाटलं की काही नाही, सगळं ठीक आहे. वाटलं म्हणजे दिसत होतं ते खोटं आणि वाटत होतं ते खरं. मी चपला काढल्या.

"वहिनी, अगं गॅसेस असतील," मी म्हणाले. "कोमट पाणी पी आणि पड जरा. होईल सगळं नीट."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं फोन ठेवला. मी पोहे केले आणि वर खोबरं घालून खाल्ले.

चार वाजता शेजारच्या नांद्रेकरकाकू पापडाचं पीठ मागायला गेल्या. दार उघडं होतं. वहिनी स्वयंपाकघरात पालथी पडलेली. पालथी पडली होती म्हणून वाचली हो! काकूंना चेहरा दिसला नाही, म्हणून त्यांनी बोंब मारली. उताणी असती तर काकू तिच्या अंगावर चादर घालून पीठ घेऊन गेल्या असत्या, असं मी आज शपथेवर सांगते.

अपेंडिक्स आदल्या रात्रीच फुटलं होतं. पोटभर पू, रक्तात विष. ऑपरेशन झालं, मग एकोणीस दिवस घशात नळी घालून कृत्रिम श्वास. दादा काचेबाहेर उभा राहायचा आणि आत बघितलं की त्याचा चेहरा निवळायचा. मग पाठ फिरवून तो भिंतीला डोकं लावून हुंदके द्यायचा. पुन्हा आत बघायचा, पुन्हा निवळायचा. मला म्हणाला, "सुनी, मी कसला माणूस आहे गं? बायको मरायला टेकलीय आणि तिला बघून मला बरं वाटतंय."

दादाला मी तिथंच सगळं सांगितलं. त्यानं मला मारलं नाही, शिवी दिली नाही. तो फक्त लांबच्या बाकावर जाऊन बसला. माझ्या शेजारी तो त्यानंतर बसलेला नाही.

वहिनी वाचली. पण नळीनं घसा सोलला होता, आवाजाच्या तारांवर व्रण पडले. डॉक्टर म्हणाले, कुजबुज राहील, त्याहून जास्त काही येणार नाही. कोल्हापूरचा गट दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा त्यांनी सावकारणीसाठी दुसरी बाई घेतली.

उद्गारमधून मी बाहेर पडले. अहवाल, आकडे, माझ्या सहीचे कागद, सगळं सरकारला देऊन आले, तेव्हा चौकशी समिती बसली. शमनची जाहिरात थांबली. त्यानं काय होतं? कोट्यवधी माणसांच्या डोक्यात बसलेला कावळा बाहेर कुणी काढायचा? प्रत्येकाला तो चेहरा दाखवायचा आणि त्याच वेळी त्याची काळजी ओसरू द्यायची नाही, असं शंभर वेळा करायचं, तर कुठं गाठ सुटेल. मी कागदावर ते गणितही मांडलं. सांगलीसाठी एकशे चाळीस वर्षं लागतात.

वहिनीला घरी आणल्यावर आठव्या दिवशी मी तिला भेटायला गेले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. अपराधानं अशी जळत होते की दोनदा गाडी कडेला घ्यावी लागली. मला वाटत होतं, मी तिच्या पायाशी बसेन, सगळं सांगेन, ती मला घराबाहेर काढेल आणि तेच बरोबर होईल.

ती खिडकीपाशी पलंगावर बसली होती. वाळली होती. मी खाली फरशीवर बसले, नजर फरशीवर ठेवून सांगायला सुरुवात केली. शमन, घड्याळं, लाट, अहवालातलं ते वाक्य. आइस्क्रीमसुद्धा सांगितलं. माझे दात एकमेकांवर वाजत होते. रंगपटातल्या त्या संध्याकाळीच मला हे माहीत होतं, असं सांगितलं तेव्हा तिचा श्वास अडकल्यासारखा झाला.

"माझ्याकडं बघून बोल," तिनं कुजबुजून सांगितलं.

"नको, वहिनी."

"बघ म्हटलं ना."

मी वर बघितलं. तिचे डोळे भरलेले, जबडा आवळलेला. आयुष्यात कुणी माझ्याकडं इतक्या रागानं पाहिलं नव्हतं. आणि माझे दात वाजायचे थांबले. छाती मोकळी झाली. खांदे हळूहळू खाली आले. रस्ताभर ज्यानं मला जाळलं होतं ते विझत गेलं, जसं काही माझ्या हातून काहीच झालं नव्हतं. मी ते अडवायचा प्रयत्न केला, ओठ चावला, नखं तळव्यात रुतवली. काही उपयोग झाला नाही.

ती बघत होती. दोन वर्षं सगळ्या गावाचे खांदे असे खाली येताना तिनं पाहिले होते, तिला काय ओळखू यायचं नव्हतं?

"आलं ना बरं वाटून?" तिनं विचारलं.

तिच्याशी आता तरी खोटं बोलायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. "हो," म्हटलं.

तिनं मान हलवली. मग दोन्ही हातांनी पोट धरून, कण्हत कण्हत तिनं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. मला फक्त तिची पाठ आणि विस्कटलेली वेणी दिसत होती.

"आता सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

मी सुरुवात केली. दुसऱ्या वाक्यालाच मला रडू फुटलं, आणि तिनं भिंतीकडं बघतच सांगितलं, "थांबू नको. सांगत राहा."